दुसऱ्या मजल्यावरची कात्रीताई

मॉल मरायला लागला तेव्हा आधी कारंजं बंद पडलं. मग काचेची लिफ्ट. मग सरकते जिने सरकायचे थांबले आणि लोक पहिल्या पायरीवर उगाचच ठेचकाळायला लागले, कारण पायांना अजून जुनी सवय होती. चपलांचं दुकान गेलं, खेळण्यांचं गेलं, चष्मेवाला गेला. दुसऱ्या मजल्यावर खाली ओढलेल्या शटरांची रांगच्या रांग आणि त्या रांगेच्या टोकाला एकच उजेड. त्या उजेडात कात्रीताई कुणाचं तरी डोकं हातात घेऊन उभी.

तिचं खरं नाव फक्त लाइटबिलावर होतं. कात्रीताई हे नाव मॉलनं दिलेलं. काही म्हणत, तिच्या हातातल्या कात्रीवरून पडलं. काही म्हणत, तोंडातल्या. दोन्ही बाजूंनी साक्षीदार भरपूर होते.

मॉल नवाकोरा होता तेव्हा ती तळमजल्यावरच्या मोठ्या सलूनमध्ये केस झाडायला लागली. झाडता झाडता बघून शिकली. एकदा मालक जागेवर नव्हता आणि एक बाई घाईत होती, तेव्हा हिनं तिचे केस कापून दिले. बाई खूश होऊन गेली. मालकानं मात्र चार गिऱ्हाइकांसमोर हिला ऐकवलं की, तू झाडूच मार, कात्री तुझ्या हातची नाही. हिनं झाडू त्याच्या गुबगुबीत खुर्चीत नीट टेकवून ठेवला, जणू तेही एक गिऱ्हाईकच, आणि चालती झाली. पुढच्याच महिन्यात तिनं दुसऱ्या मजल्यावर टॉयलेटशेजारचा गाळा भाड्यानं घेतला. तो गाळा कुणालाच नको होता. हिला तोच हवा होता, कारण पाण्याची लाइन भिंतीतच होती. शिवाय टॉयलेटमधून बाहेर पडणारी प्रत्येक बाई नुकतीच आरशात स्वतःला बघून आलेली असायची आणि तिथल्या त्या पांढऱ्याफटक उजेडात कुणालाच आपले केस पसंत पडत नसत. चार पावलांवर हिचं दार.

बोलण्याचीही तिची एक रीत होती. ती गिऱ्हाइकाशी समोरासमोर कधी बोलत नसे, आरशाशी बोले. हात डोक्यावर, डोळे आरशात. सवय इतकी हाडीमाशी मुरली की, घरीसुद्धा काही महत्त्वाचं सांगायचं झालं तर ती खिडकीच्या काचेकडे तोंड करून सांगायची. नवरा मॉलच्या सरकत्या जिन्यांचा मेकॅनिक. तो म्हणायचा, इतकी वर्षं संसार केला, पण ही मला उलटाच ओळखते. माझा डावा कान कुठला विचारलं तर उजवा दाखवेल.

जिने थांबले तसा नवरा घरी बसला आणि शेजारपाजारचे मिक्सर दुरुस्त करायला लागला. ही थांबली नाही.

मग मॉल विकला गेला. नव्या मालकांनी उरल्यासुरल्या दुकानदारांना बंद फूड कोर्टात बोलावलं. तिथे पहिल्यांदा तो दिसला, प्रोजेक्ट मॅनेजर. बगलेत कायम नकाशांच्या सुरळ्या, म्हणून मॉलनं त्याचं नाव लगेच नकाशेसाहेब ठेवलं. बोलायला गोड. आवाज कधी चढायचा नाही, उलट अडचणीचं काही सांगायचं असलं की आणखी मऊ व्हायचा. त्यानं टेबलावर सुरळी उलगडली आणि चारही कोपऱ्यांवर जुन्या सॉसच्या बाटल्या ठेवल्या. सिनेमाच्या पडद्यांच्या जागी कॉलेजचे वर्ग होणार होते. फूड कोर्टाची लायब्ररी. पार्किंगच्या मैदानावर घरं आणि झाडं. आणि मॉलच्या पोटातून छप्पर कापून एक उघडी गल्ली जाणार होती, खाली दुकानं, वर माणसं राहणार. पाडकामाचा हातोडा ज्या भागात पोचेल, त्या भागात तेव्हा जे दुकान चालू असेल त्याला नव्या गल्लीत गाळा मिळेल. आठवडाभर शटर खाली दिसलं की दुकान बंद धरायचं. अशांना भरपाई आणि रामराम.

बाकीचे कुजबुजत राहिले. कात्रीताईला मात्र नकाशा आवडला. ही गोष्ट पुढे कुणाला खरी वाटत नसे. सगळ्यांना वाटायचं, ही जुन्या मॉलला कवटाळून बसलीय. तिला मॉलचं काडीचं प्रेम नव्हतं. तिनं तिथे एकच प्रश्न विचारला होता, कॉलेजात मुलं किती येणार? नकाशेसाहेबांनी आकडा सांगितला, आणि तिला तितकी केस वाढलेली डोकी डोळ्यांसमोर दिसली. त्या गल्लीत तिला गाळा हवा होता. बस्स. हक्कानं, चालत्या दुकानाचा.

त्यानंतर गळा आवळायला सुरुवात झाली, पण हळूच. एसी बंद. पॅसेजमधले दिवे एकाआड एक. मागचं गेट सुरक्षेसाठी बंद, म्हणजे बसनं येणाऱ्यांना अख्ख्या मॉलला वळसा. एकेक दुकानदार म्हणायचा, सध्यापुरतं बंद करतो, बघू पुढे. शिंपी गेला, घड्याळवाला गेला. जाताना सगळे कात्रीताईला सांगायचे की, तूही जरा दम खा. ती आरशात बघून म्हणायची, "सध्यापुरतं म्हणून गेलेला माणूस परत शटर उचलताना मी पाहिलेला नाही."

यात घरातलं लचांड वेगळंच. तिची एकुलती लेक, बोलायला चुणचुणीत, दिसायला टापटीप, तिला नेमकी नकाशेसाहेबांच्याच ऑफिसात नोकरी लागली. तळमजल्यावर, जिथे पूर्वी कपड्यांचं सगळ्यात मोठं दुकान होतं, तिथे आता सॅम्पल फ्लॅट उभा होता. छप्पर नसलेलं घर. सोफा खरा, पुस्तकं खोटी, फळं मेणाची. लेक तिथे लोकांना घर दाखवायची. रात्री जेवताना गंमती सांगायची की, भिंतीला कुणी हात लावत नाही, खिडकी कुणी उघडत नाही, पण बाथरूममधला नळ मात्र झाडून सगळे सोडून बघतात. म्हणून तिथे साहेबांनी वेगळी लाइन टाकून खरं पाणी दिलंय, गरमसुद्धा.

आई हसायची. पण लेकीचं सगळं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. साहेब तिला रोज मऊ आवाजात सुचवत होते की, आईंना समजवा, तुमचं त्या ऐकतील. एका रात्री लेकीनं ताट बाजूला सारलं.

"आई, मी खाली लोकांना सांगते, इथे नवं आयुष्य सुरू होणार. ते मान वर करतात तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर तुझे टॉवेल वाळत घातलेले."

"मग सांग ना त्यांना, वर आधीच सुरू आहे म्हणून."

"माझी नोकरी आहे ती."

"आणि माझं काय, टाइमपास?"

नवऱ्यानं मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला. म्हणाला, भरपाई घे, घरी बस, दोघं मिळून मिक्सर उघडू. दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की, तो आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला.

मग एक दिवस, दुपारची वेळ होती. खुर्चीत शाळेच्या बाई बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, कात्रीताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा केसांना डाय, आणि त्या निमित्तानं साऱ्या जगाची हजेरी. त्या दिवशी कात्रीताईनं नवीन डाय आणला होता, जरा तेज. सगळ्या डोक्याला चापून लावला, वर प्लॅस्टिकची टोपी चढवली. थोड्या वेळानं धुवायला म्हणून नळ सोडला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.

शेजारच्या टॉयलेटमध्ये जाऊन बघितलं. तिथेही ठणठणाट. बादलीतलं पाणी सकाळीच टॉवेल धुण्यात गेलेलं. वॉचमनला हाक मारली, तर तो वरच्या वर तुटक बोलला की, नोटीस लावली होती ना कालच. कुठे लावली? तर लिफ्टवर. बंद पडलेल्या काचेच्या लिफ्टवर, जिच्याकडे वर्षभरात कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तिनं नकाशेसाहेबांना फोन लावला. पलीकडचा आवाज लोण्यासारखा. लाइनचं काम निघालंय, आठ-दहा दिवस लागतील, तोवर विश्रांती घ्या ताई, इतकी वर्षं राबलात.

आठ-दहा दिवस. पाण्यावाचून पार्लर चालत नाही, आणि आठवडाभर शटर खाली दिसलं की दुकान बंद. तिनं फोन ठेवला. एवढ्या गोड आवाजात कुणी आपल्याला दाराबाहेर काढलेलं तिला आठवत नव्हतं. त्या सलूनच्या मालकानं निदान आवाज तरी चढवला होता.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या कुठल्याच नकाशात नव्हती. त्यांनी पाणी बंद केलं तेव्हा एक डोकं डायमध्ये बुडालेलं होतं, आणि डायला विश्रांती कळत नाही. वेळ टळली की टाळूची आग होते, केस पेंढ्यासारखे होतात.

बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "आता?"

"धुवायला हवं. लगेच."

"जळजळतंय मला."

"माहितेय."

"मग उभी का आहेस पुतळ्यासारखी?"

कात्रीताईनं शॅम्पूची बाटली काखेत मारली, बाईंना हात दिला आणि दोघी निघाल्या. बंद सरकत्या जिन्यावरून खाली, गळ्याभोवती काळा एप्रन, डोक्यावर फुगलेली टोपी, कानशिलावरून डायचा ओघळ. बाई अशा ताठ उतरत होत्या की, वॉचमन आपसूक उठून उभा राहिला. बहुधा कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेला असावा.

सॅम्पल फ्लॅटमध्ये त्या वेळी नेमकं एक कुटुंब घर बघत होतं. नवरा, बायको आणि बायकोची म्हातारी सासू. नकाशेसाहेब जातीनं हजर, लेक शेजारी उभी. कात्रीताई दारातून आत शिरली ती थेट बाथरूमच्या दिशेनं. साहेब चटकन पुढे होऊन बाथरूमच्या दारात उभे राहिले. आवाज आणखी मऊ.

"ताई, हे काय? इथे पाहुणे आहेत."

"माझ्याबरोबरही आहेत."

"आपण नंतर बोलू."

"बोलायचं कुणाला आहे? मला पाणी हवंय. वरचं तुम्ही बंद केलंत, खालचं तुमच्याकडे आहे."

साहेब तिच्याशी बोलायचे थांबले. लेकीकडे वळून त्यांनी तिला सांगितलं की, यांना बाहेर घेऊन जा. मोजके शब्द, तेही हसून.

आता सगळे लेकीकडे बघत होते. घर बघायला आलेल्या बायकोनं विचारलं, या कोण?  कात्रीताईला उत्तर काय येईल ते माहीत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर आरसा नव्हता. तिला लेकीकडे सरळ बघावं लागलं. इतकं सरळ तिनं तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं पोरीच्या.

लेकीनं हातातली माहितीपत्रकं सोफ्यावर ठेवली.

"ही माझी आई. वर तिचं दुकान आहे. चालू आहे." मग साहेबांच्या बाजूनं पुढे जाऊन तिनं बाथरूमचं दार उघडलं. "आई, गरम पाणी डावीकडे."

बाई बेसिनवर वाकल्या. पांढऱ्याशुभ्र बेसिनमधून काळा लोट वाहायला लागला. दांडीवर नुसते दाखवायला म्हणून फुलांसारखे घडी घातलेले टॉवेल होते, कात्रीताईनं त्यातला एक झटकून उलगडला. घर बघायला आलेली सासू दारात येऊन कौतुकानं बघत होती. बाईंनी डोकं तसंच खाली ठेवून तिला सांगितलं, "पाणी छान येतं हो इथे. जोर चांगला आहे."

सासूनं विचारलं, प्रत्येक घरात पार्लरवाली येणार आहे का?

"खाली गल्लीत असणार आहे," लेक म्हणाली, आणि साहेबांकडे पाहिलं. "हो ना, सर?"

गिऱ्हाइकांसमोर साहेब काय बोलणार? म्हणाले, तसं नियोजनात आहे. घाम पुसायला त्यांनी खिशात हात घातला तर हातात स्केलपट्टी आली.

कात्रीताई केस धूत होती. बेसिनवरच्या आरशात मागे लेक दिसली आणि मग कुठे तिच्या तोंडून शब्द फुटले. "नोकरी गेली तुझी."

"गेली तर गेली. कानामागे राहिलंय बघ, ते धू."

दुसऱ्या दिवशी शटर नेहमीच्या वेळी वर गेलं. आलेल्या प्रत्येकीला कात्रीताईनं सांगितलं की, कापायला वर, धुवायला खाली. ज्यांचे केस धुवायचे नव्हते त्यांनीसुद्धा धुऊन घेतले. एप्रन घातलेल्या, ओल्या डोक्याच्या बायकांची ये-जा सुरू झाली, खोट्या पुस्तकांसमोरून, मेणाच्या फळांसमोरून. साहेबांनी फ्लॅटला कुलूप लावलं. मग घरं बघायला आलेली माणसं कुलूप बघून परत जायला लागली. दोन दिवसांनी वरचा नळ खोकला आणि वाहायला लागला. लाइनचं काम अपेक्षेपेक्षा लवकर उरकलं, असं वॉचमननं येऊन सांगितलं, हसू दाबत.

लेकीला मात्र सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. घरात दोघी काही दिवस मोजूनमापून बोलत होत्या. आईला माफी मागता येत नव्हती, तिला ते कधी जमलंच नव्हतं. एका संध्याकाळी ती खिडकीच्या काचेला म्हणाली, माझ्यापायी तुला भोगावं लागलं. लेक पाठीमागून फटकन म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं काही. त्या बाईंचे केस जळाले असते." मग उशी झटकत म्हणाली, "आणि मी लोकांना खोटं सांगत होते. नवं आयुष्य वगैरे." नंतर तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला तसलीच नोकरी धरली. लांब पडायची, रोज दमून यायची.  आई रविवारी तिच्या डोक्याला तेल लावून द्यायला लागली.

हातोडा शेवटी त्यांच्या भागात पोचला. नकाशेसाहेब सुरळी घेऊन वर आले. गाळा मिळणार होता, शब्द पाळला जात होता. फक्त तो गल्लीच्या मागच्या टोकाला होता, जनरेटरला चिकटून, जिथे माणूस वाट चुकला तरच पोचला असता. तिनं नकाशात बोट ठेवून विचारलं, कॉलेजचं गेट कुठे? त्यांनी दाखवलं. तिनं बोट तिथे नेलं. साहेब हळहळत म्हणाले की, तिथला गाळा एका कॉफीवाल्या कंपनीला गेलाय.

"मग मी आहे इथेच. तुम्ही बाजूबाजूनं पाडा."

त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय. त्यांनी खरंच बाजूबाजूनं पाडायला घेतलं. तिनं दारावर ओल्या चादरी टांगल्या आणि काम चालू ठेवलं. गिऱ्हाइकांना फोरमननं हेल्मेट दिली. हेल्मेट घालून जिना चढायचा, काढायचं, केस कापून घ्यायचे, परत घालून उतरायचं. तिची त्यावर तक्रार एवढीच की, केसांचं सगळं सेटिंग दबतं. शाळेच्या बाईंनी पिवळं हेल्मेट घालून फोटो काढून घेतला आणि तो सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. कॉलेज सुरू व्हायची तारीख डोक्यावर आली होती, आणि मधला सगळा भाग त्या एका उजेडासाठी अडून होता. फोरमन रोज साहेबांना फोन करायचा. साहेबांचा आवाज म्हणे पहिल्यांदाच चढला.

शेवटी गेटशेजारचा, पहारेकऱ्यांच्या सामानासाठी ठेवलेला चिंचोळा गाळा निघाला. एक खुर्ची मावेल, दुसरी नाही. कात्रीताईनं मध्यभागी उभं राहून दोन्ही हात पसरले. बोटं दोन्ही भिंतींना टेकत होती. मग तिनं मागच्या भिंतीवर पाण्याची लाइन आहे का ते ठोकून बघितलं, गेट किती पावलांवर आहे ते बघितलं, आणि म्हणाली, चालेल.

जुना दुसरा मजला पाडला त्या दिवशी गल्लीत नुसती गर्दी. कॉलेजची मुलं फोन उंचावून उभी. नवराही आला होता. त्याचे जिने निघणार होते, ते बघायला. त्याचे डोळे जरा पाणावलेले होते, पण धुळीवर ढकलायची सोय होती. तो कात्रीताईच्या नव्या गाळ्याच्या दारात आला आणि म्हणाला, चल, बाहेर ये, तुझा मजला पडतोय.

खुर्चीत एक मुलगी होती, अर्धे केस आखूड, अर्धे लांब. कात्रीताईनं कंगवा दातांत धरला होता, तो काढला.

"गिऱ्हाईक आहे."

"अगं, एक मिनिट. परत दिसायचं नाही ते."

बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. मुलांनी गलका केला, काचा थरथरल्या, खुर्चीतल्या मुलीनं मान वळवली. कात्रीताईनं दोन बोटांनी तिची हनुवटी परत समोर आणली.

"पडू दे," ती आरशात बघून नवऱ्याला म्हणाली. "मी तिथे नाहीये."

मग धूळ आत येऊ नये म्हणून तिनं पायानं दार लोटलं आणि लांब राहिलेली बाजू हातात घेतली.